अलकाला गेलेला निरोप

जुळे सोलापुरातल्या उत्कर्षाबाईंची शेंगाचटणी गावभर गाजली, आणि धाकट्या बहिणीशी धरलेला अबोला त्याहून जास्त. भावाच्या लग्नात मानाच्या साडीवरून बिनसलं, त्याला आठ वर्षं झाली. "अलकानं आधी बोलावं," हाच बाईंचा हेका.

सोशल मीडियावर चटणीचं पान काढलं, तेव्हा नव्या फॉलोअरला आपोआप जाणारा निरोप बाईंनी स्वतः लिहिला: 'स्वागत आहे! किती किलो देऊ?'

संक्रांतीच्या गडबडीत पंधरा दिवस आलेली उत्तरं वाचायला फुरसत नव्हती. मग एका दुपारी बघतात तर अलकाचं नाव! तिलाही तोच निरोप गेलेला, आणि खाली तिचं उत्तर: 'चटणी नको व्हती गं ताई. तू कशी हायस, एवढंच बघाय आलते.' त्यानंतर तिनं पान सोडलेलं.

शेजारच्या मीनाबाईंना हसू आवरेना. "दारात आलेल्याला आदी पाणी इचारत्यात. तुमी तर सख्ख्या बहिणीचं गिऱ्हाईक केलं की!"

"मी न्हाय, ते आपोआप गेलं," बाई पुटपुटल्या. पण शब्द त्यांचेच होते.

तो आपोआप जाणारा निरोप त्यांनी तिथल्या तिथं पुसला. आठ वर्षं बहिणीच्या पहिल्या शब्दाची वाट पाहिली, आणि तो आला तेव्हा बाई पाकिटं भरत बसल्या होत्या.