सालास्सारे

मुलुंडच्या रक्तपेढीत भेटणाऱ्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. आमचा आजार एकच. रक्त गरजेपेक्षा जास्त तयार होतं, म्हणून अधूनमधून पिशवीभर काढून टाकावं लागतं. काका मूळचे मालवणचे. सून इटलीची, म्हणून मोबाइलवर इटालियन शिकायचे. म्हणायचे, "तिच्याशी भांडूक तरी येवक व्हया."

पहिल्या वेळी मी भीतीनं हात इतका आखडून धरला, की सिस्टरना शीर सापडेना. दोनदा सुई टोचून झाली. मी रडायच्या बेताला आले. काकांचं रक्त काढून झालं होतं, खाली रिक्षा थांबली होती, तरी ते स्टूल ओढून माझ्याजवळ बसले.

"ताई, ह्याला इटालियनमध्ये सालास्सारे म्हणतात. सुनेनं फोड करून सांगितली. लॅटिनमध्ये सांग्विस म्हणजे रक्त आणि लाक्सारे म्हणजे सैल सोडणं. बोलून बोलून दोन्ही शब्द झिजले आणि एकच झाला. ह्यात ओढून काढणं कुठेच नाही बघा. नुसतं सैल सोडायचं. म्हणा."

"सालसरे."

"चुकलं. परत."

मी परत म्हटलं, पुन्हा चुकलं. त्यांनी मधला 'सा' लांबवून दाखवला, मी तो लांबवला. अखेर त्यांनी मान डोलावली, तेव्हा सिस्टर हसत म्हणाल्या, "चालू द्या तुमचं. इथे अर्धी पिशवी भरली."

मी खाली पाहिलं. माझी मूठ केव्हाच उघडली होती.

काका उठले. "जातंय आता. रिक्षावालो शिव्या घालीत असतलो."