डोळा मिटून वाचणारा माणूस

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की ह्यांचा डोळा काढावा लागेल.

मी उभीच होते. कुणीतरी खुर्ची पुढं केली, पण बसवेना. जिना उतरून फाटकापर्यंत गेले, परत वर आले, पुन्हा खाली गेले.

माझे पती मोडी कागद वाचून द्यायचे. जमिनीची जुनी खतं, वाटण्यांचे कागद घेऊन गावोगावचे लोक आमच्याकडं येत. उजव्या डोळ्याला भिंग लावायचं आणि डावा मिटायचा, ही त्यांची पद्धत. पुढंपुढं ती अंगात इतकी मुरली की बातम्या ऐकताना, जेवताना, नुसतं विचार करत बसले तरी डावा डोळा मिटलेला असायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते आजारी पडले. ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड द्यावी लागली आणि मुळातली साखर आणखी चढली. घरी आले तेव्हा आम्हाला सुटल्यासारखं झालं. मग नाक चोंदलं, गाल बधिर झाला, वरची दाढ ठणकायला लागली. दातांचे दवाखाने बंद होते, म्हणून फोनवर विचारून गोळ्या आणल्या. कागदावरच्या ओळी दोन-दोन दिसायला लागल्या, तेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डावा डोळा मिटला की ओळ एकच व्हायची, आणि तो तर ते तसाही मिटायचेच.

नंतर डाव्या डोळ्याची पापणी खाली आली. मी समोर चहा ठेवायचे, त्यांच्याकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, एखादं अक्षर जुळवत असतील.

खुलताबादहून वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, ताकातल्या कण्या घेऊन आल्या. त्यांनी डबा खाली ठेवला आणि भावाकडं बघून हसल्या.

"काय रे दादा, समोर कागद नाय, हातात भिंग नाय. डोळा कशाला मिटून बसलास? बहिणीकडं तरी दोन्ही डोळ्यांनी बघ की."

"उघडाच आहे," हे म्हणाले.

वन्संचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी जवळ जाऊन बोटानं पापणी वर केली आणि मला हाक मारली. डोळा पुढं आला होता, हलत नव्हता.

हॉस्पिटलमध्ये नाकात दुर्बीण घातली तेव्हा आत काळं दिसलं. ही काळी बुरशी, ती मातीत असते, हवेत असते, आपण रोज ती श्वासातून घेतो, असं डॉक्टरांनी समजावलं. धडधाकट माणसाला ती काही करत नाही. साखर वाढलेली आणि शरीराची ताकद औषधांनी दबलेली असली की ती नाकातून गालाच्या हाडांत शिरते, तिथून डोळ्यात, आणि डोळ्यातून मेंदूत. डोळ्यापर्यंत ती पोचली होती. मेंदूत गेली की नाही, हे तपासण्यांत नक्की कळत नव्हतं. डोळा काढला तर कदाचित ती तिथंच थांबेल.

मला वाटलं होतं हे नाही म्हणतील, निदान विचार करायला वेळ मागतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना विचारलं, "डावाच ना?"

"डावाच."

"मग काढा. मी त्याच्याकडून कधी काम घेतलंच नाही. बसून खात होता."

डॉक्टर हसले नाहीत. मी हसले, आणि मग तोंडाला पदर लावून बाहेर गेले.

ऑपरेशन झालं. त्यासोबत लागणारी इंजेक्शनं दुकानांत मिळत नव्हती. सरकारकडून हॉस्पिटलला यायची, कधी कमी यायची, कधी यायचीच नाहीत. आज आली का, हे विचारत मी औषधाच्या खिडकीपाशी घुटमळायचे. उत्तर मिळालं नाही की क्रांती चौकापर्यंत चालत जायचे. तिथं काही काम नसायचं. एका जागी उभं राहायचं नाही, एवढंच.

पट्टी बांधलेली असताना त्यांनी वाचायला मागितलं. मी पुस्तक नेलं. पहिलं पान त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यांच्या नेहमीच्या संथ चालीत. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच पान काढलं. थोडं वाचून थांबले.

"अगं, हे कुठल्या लिपीत आहे?"

पुस्तक साधं मराठीच होतं. मी ते हातातून घेतलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेले. बुरशी डोळ्यात थांबली नव्हती. त्यानंतर ते फार बोलले नाहीत. वन्संना मात्र अखेरपर्यंत ओळखत होते, मला कधी ओळखत, कधी वाकून नमस्कार करत.

आता घरात मी एकटी असते. महिन्या-दोन महिन्यांनी वन्सं येतात, आम्ही दोघी जेवायला बसतो. जेवताना मी मधेच उठते, दारापर्यंत जाऊन येते. कुठं निघालात, असं त्या विचारत नाहीत. ताट झाकून ठेवतात आणि मी येईपर्यंत थांबतात.