मामा तडजोड करत नाहीत

बेसबॉलच्या लीगमध्ये सगळे त्यांना मामा म्हणत. खरं तर त्यांना भाचा नव्हता की भाची नव्हती, बहीणच नव्हती तर कुठून असणार? पण खेळात नाव नोंदवताना टोपणनाव विचारलं गेलं आणि दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी 'मामा' लिहून टाकलं. ते चिकटलं ते चिकटलंच. वयाने मोठी माणसंही त्यांना मामाच म्हणू लागली.

मामा एका मोठ्या लाँड्रीत कामाला होते. शहरातल्या इस्पितळांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. वाफेवर तापलेला भलामोठा रूळ गरगर फिरत असायचा. त्याच्या एका टोकाला दोघांनी ओली चादर ताणून सोडायची आणि पलीकडच्या दोघांनी ती कोरडी, सपाट झालेली उचलायची. यंत्रांचा आवाज एवढा की सगळ्यांच्या कानात बोळे. कामावर बोलायचं म्हणजे हातवारे करायचे. बरोबर काम करणाऱ्या बाईचा आवाज कसा आहे, हे मामांना इतक्या वर्षांत नीट ठाऊक नव्हतं. पाळी पहाटेची असायची आणि दुपारी माणूस मोकळा व्हायचा.

घरी आई होती. शेवटची काही वर्षं ती अंथरुणाला खिळलेली होती, पण तोंडाला खळ नव्हती. तिच्या उशाशी बसून करता येईल असं काहीतरी हवं, म्हणून मामांनी हा बेसबॉलचा खेळ धरला होता. मैदान नाही, चेंडू नाही, सगळं इंटरनेटवर. खेळाडूही खोटेच. संगणक त्यांना जन्माला घालायचा, वय द्यायचा, उंची द्यायचा, स्वभाव द्यायचा आणि रोज संध्याकाळी त्यांचे सामने स्वतःच खेळून टाकायचा. मामांसारख्या मालकांनी फक्त संघ सांभाळायचा. आई पडल्यापडल्या सगळ्यांची चौकशी करायची. चेंडू झेलणाऱ्या एका उंच कॅचरवर तिचा विशेष जीव होता. "त्या लंबूचं लग्न ठरलं का रे?" असं ती विचारायची आणि मामा तिला काहीबाही रचून सांगायचे. लंबूला दोनदा मुली सांगून आल्या, दोन्ही वेळा फिसकटलं, एवढ्यावर गोष्ट आली होती, तेव्हा आई गेली.

आता या खेळातली पगाराची भानगड सांगायला हवी. नव्या खेळाडूला पहिली काही वर्षं संघ सोडता येत नसे, पण मधल्या वर्षांत तो पगारवाढ मागू शके. मालकाचं आणि त्याचं जमलं नाही तर प्रकरण लवादाकडे. मूळ प्रोग्राममध्ये लवादही संगणकच करायचा, आणि त्याची अक्कल बेताचीच होती. खेळाडूचं नाव संघाच्या यादीत होतं का आणि आधीचा पगार किती होता, एवढंच तो बघायचा. चेंडू टाकणारा कुणाचा एक पिचर कोपर मोडून हंगामभर घरी बसला, तरी लवादाने त्याला घसघशीत वाढ दिली. मग मालकांनी ठरवलं की सुनावणी आपणच घ्यायची. फोनवर तीन माणसं जमणार. मालक संघाची बाजू मांडणार, चिठ्ठी टाकून निवडलेला दुसरा मालक खेळाडूचा वकील होणार आणि तिसरा निकाल देणार. त्यातही नियम असा की मालकाचा आणि खेळाडूचा अशा दोन आकड्यांपैकी एकच उचलायचा, मधला काढायचा नाही. एरवी लीगमध्ये सगळा व्यवहार लिहून चाले. माणसाचा आवाज कानावर पडायचा तो फक्त सुनावणीत.

पण सुनावणी सहसा व्हायचीच नाही. एक बटण दाबलं की तडजोड होते, मग कशाला कोण वेळ घालवतो?

आई गेली त्या वर्षी धावपळीत मामांची तडजोडीची तारीख हुकली आणि सुनावणी लागली. फोनवर कुणीतरी म्हणालं, "मामा, आवाज येतोय ना माझा?" मामांनी येतोय, येतोय असं दोनदा सांगितलं. तासभर तिघं वाद घालत होते, मध्येच हसत होते, एकाच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर थांबत होते. मामा ती सुनावणी हरले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना त्या दुपारी गाढ झोप लागली.

पुढच्या वर्षी त्यांनी एका खेळाडूशी मुद्दाम तडजोड केली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कुणाशीच केली नाही. सुनावणी असली की ते दाढी करायचे, धुतलेला शर्ट घालायचे. कुणी बघणार नव्हतं, तरीही. लीगमध्ये चेष्टा सुरू झाली की मामांचं म्हणजे चमडी गेली तरी दमडी जाऊ नये. मामांनी कंजूष हे नाव मुकाट्याने लावून घेतलं.

यात एक मेख होती. सुनावणीपर्यंत ताणलं की खेळाडू नाराज होतो, निकाल त्याच्या बाजूने लागला तरी. प्रोग्रामने त्याच्या स्वभावातच तसं घातलं होतं. मुदत संपली की तो चालता व्हायचा. मामांचा संघ एकेक करून ओसाड पडत गेला आणि तळाला जाऊन बसला. मामांना हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

मग लंबूची पाळी आली. मामांनी दोनतीनदा बटणापर्यंत बोट नेलं आणि मागे घेतलं.

लंबूच्या बाजूने चिठ्ठी निघाली ती लीगमधल्याच ताईंची. ताई शाळेची बस चालवायच्या आणि बसमधल्या पोरांना गप्प करून करून त्यांचा आवाज खणखणीत झाला होता. निकाल द्यायला एक दातांचे डॉक्टर होते. ताईंनी लंबूची बाजू चोख मांडली आणि डॉक्टरांनी पाच मिनिटांत त्याच्या बाजूने निकाल दिला. जाता जाता ते जरा वैतागून म्हणाले की या सुनावण्या फार होतात, बंद करण्याचा ठराव मी आणणार आहे. त्यांनी फोन ठेवला. ताई मात्र थांबल्या.

"मामा, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा की."

"तुमच्या आणि लंबूच्या आकड्यात फरक नावालाच होता. एवढ्यासाठी कुणी सुनावणी लावतं?"

मामा म्हणाले की शेवटी तत्त्वाचा प्रश्न असतो.

"तत्त्व राहू द्या. तुम्ही कंजूष नाही. गेल्या साली त्या थकलेल्या पिचरला नव्याने संघात घेताना तुम्ही त्याने मागितल्यापेक्षा जास्त दिलंत, मी पाहिलंय. मग हे सगळं कशासाठी?"

आईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, ते मामांनी उठून उगाचच लावलं. मग म्हणाले, "सुनावणी असली की माणसं बोलतात हो, ताई."

ताईंनी हसण्यावारी नेलं नाही की धीराचे दोन शब्दही सांगितले नाहीत. नुसतं "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मामांना वाटलं, झालं, हसं करून घेतलं आपण स्वतःचं.

ठराव आला आणि भरघोस मतांनी मंजूर झाला. मामांनी मतच दिलं नाही. विरोधात एकच मत पडलं, ताईंचं, आणि कारणाच्या जागी त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. लवाद पुन्हा संगणकाकडे गेला. लंबू नाराज होताच, मुदत संपल्यावर तो दुसऱ्याच एका संघात गेला आणि तिथे चांगला खेळू लागला. मामा रोज त्याचा सामना उघडून बघायचे. आईला काय सांगितलं असतं, असा विचार मनात यायचा.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा एका दुपारी ताईंचा फोन आला. काम काहीच नव्हतं. "बाकी काय म्हणता?" असं त्यांनी विचारलं, आणि मामांना बाकी काही म्हणता येईना. प्रकरण नाही, आकडे नाहीत, मग बोलायचं कशावर? हवा, दुखणारे गुडघे, महागलेली भाजी, एवढ्यात दोघांची पुंजी संपली. तरी ताईंनी आणखी एकदा फोन केला, मग आणखी एकदा. मग शाळा उघडली आणि फोन यायचे थांबले.

मामांनी मनाला लावून घेतलं नाही. माणसाला आपले व्याप असतात. पण एक दिवस कामावरून आल्यावर, बूटही न काढता, त्यांनीच नंबर लावला. उगाच, कारणाशिवाय कुणाला फोन करण्याची सवय त्यांना नव्हती.

"मामा? काय झालं?" ताईंच्या आवाजात काळजी होती.

"काही नाही. सहज केला."

"सहज? बरं. बोला मग. शाळा सुटायला थोडा अवकाश आहे अजून."

काय बोलायचं ते मामांनी ठरवलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं की आज घड्या घालणारं यंत्र बंद पडलं, सगळ्या चादरी हातांनी घडी कराव्या लागल्या. दुरुस्तीसाठी बाकीची यंत्रंही थांबवली म्हणून सगळ्यांनी कानातले बोळे काढले होते. बरोबरची बाई दिवसभर गुणगुणत होती, आणि तिचा आवाज चांगलाच जाड निघाला, पुरुषासारखा. ताई हसल्या. तेवढ्यात पलीकडे घंटा वाजली, पोरांचा गलका जवळ आला आणि त्या म्हणाल्या, "ठेवते हं मामा." मामांनी फोन बाजूला ठेवला आणि वाकून बुटाची नाडी सोडायला घेतली.