गाऱ्हाण्यासारखा लिहिलेला दावा

ज्या बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात बसून मी बारावीचा अभ्यास केला, तो देवबागच्या वाटेवर, खाडीला लागून आहे. माझे बाबा तिथे डब्यांत पाणी भरायचे आणि गोठलेल्या लाद्या काढून होड्यांवर चढवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. घरी दोन खोल्यांत सहा माणसं, म्हणून कारखान्याचे मालक बाबांना म्हणाले, "चेडवाक हंय धाड. पंखो आसा, टेबल आसा. मशीनचो आवाज सोसवलो म्हणजे झाला." त्या आवाजातच मी शिकले. पुढे इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला तेच मालक माझ्याबरोबर रत्नागिरीला आले. त्यांना मी काका म्हणते. आज माझ्या नावापुढे जे काही लागतं, त्यात त्यांचा वाटा माझ्या आईवडिलांइतकाच आहे, हे आधी सांगून ठेवते.

मी पेटंटचे अर्ज लिहिते. पुण्यातल्या एका ऑफिससाठी, पण गेली काही वर्षं कट्टा गावातल्या घरी बसून. माझ्याकडे बहुतेक कूलिंग टॉवर, चिलर, शीतगृहांची यंत्रं असे अर्ज येतात. अशा अर्जात शोधाचं वर्णन असतं, आकृत्या असतात आणि शेवटी दावे असतात. दावा म्हणजे आपल्या जागेभोवतीचा दगडी गडगा. एवढं माझं, त्यापलीकडचं नाही. गडगा कुठून कुठे जातो ते वाचणाऱ्याला कळलं नाही, तर जागा कोणाचीच राहत नाही. लोक 'पुरेसा', 'योग्य', 'साधारण' असे शब्द घालतात, परीक्षक त्यांवर बोट ठेवतो आणि मी ते शब्द निस्तरत बसते. हे माझं रोजचं काम. हेच काम एक दिवस काकांच्या कारखान्यातून माझ्याकडे येईल, असं मला वाटलं नव्हतं.

काकांचे धाकटे भाऊ कारखान्यातली मशीन सांभाळायचे. मी पुण्यात नोकरीला लागले त्याच वर्षी तिथे अपघात झाला. लाईट गेली. जनरेटरवर कॉम्प्रेसर सुरू झाला, पण कंडेन्सरवर पाणी टाकणारा पंप सुरू झाला नाही. कंडेन्सर म्हणजे तापलेला अमोनिया ज्यात थंड होतो त्या नळ्या. त्यांच्यावर पाणी पडलं नाही, की आतला दाब चढत जातो. दाब जास्त झाल्यावर उघडायला हवा होता तो सेफ्टी वाल्व खाऱ्या हवेने जाम झालेला. धाकटे काका वाल्व हाताने सोडायला पुढे गेले आणि जोडावरची गास्केट, गळती अडवणारी चकती, त्यांच्या तोंडासमोर फुटली. अमोनिया डोळ्यांत गेला. डोळे गेले. त्या दिवशी बाबा रजेवर होते. नसते तर, हे वाक्य आमच्या घरात कोणी पुरं करत नाही.

त्यानंतर दोन वर्षं काका एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. माणसाला जवळ जावंच लागू नये आणि विजेवर अवलंबून राहावं लागू नये. शेवटी त्यांनी ते करून दाखवलं. चिऱ्याच्या खांबांवर विहिरीच्या पाण्याची टाकी. तिच्या तोंडाला एक लांब लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला वजन, होडीच्या जुन्या नांगराचा तुकडा. अमोनियाचा दाब चढला की तो खालून दांड्याला उचलतो. दांडा उचलला की टाकीचं पाणी कंडेन्सरवर कोसळतं आणि त्याच दांड्याला बांधलेली तार कॉम्प्रेसरचा खटका ओढते. सगळं उघड्यावर, डोळ्यांना दिसणारं. मीठ लागलं तर फडक्याने पुसता येणारं.

बर्फाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचा इंजिनीअर ते बघायला आला होता. त्याने टाकीखाली उभं राहून दांडा उचलून पाहिला, भिजला आणि हसला. म्हणाला, "पेटंट मंजूर झालं की सांगा. किनाऱ्यावर जाणाऱ्या आमच्या प्रत्येक मशीनला हे बसवू." काकांना एवढंच हवं होतं. वेंगुर्ल्यापासून वर रत्नागिरीपर्यंत बर्फाचे कारखाने आहेत आणि प्रत्येकात कोणीतरी तसाच वाल्वापाशी उभा असतो.

मी या सगळ्यात नव्हते. काकांनी अर्ज परस्पर केला. कट्ट्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून त्यांनी सांगितलं, टायपिंग करणाऱ्याने त्याचं इंग्रजी केलं आणि अर्ज गेला. परीक्षकाचे आक्षेप आले, तेव्हा ते कागद घेऊन आमच्या पडवीत आले.

"ह्या वायच वाच गो बाय. भाषा तुझी आसा."

मी वाचलं. आधी परीक्षकाचे आक्षेप, मग काकांचा अर्ज. वर्णन दोन पानी, आकृती एकच, पण स्वच्छ. आणि खाली दावा. मराठीत तो असा होईल: 'अमोनियाचा दाब जास्त झाला असता, योग्य वेळी, पुरेसे पाणी, कंडेन्सरवर किंवा जवळपास जेथे गरज असेल तेथे, टाकीतून किंवा तशाच दुसऱ्या सोयीतून सोडणारी आणि कॉम्प्रेसर थांबवणारी, दांड्याची, स्प्रिंगची, विजेची किंवा इतर कोणत्याही प्रकारची व्यवस्था.'

परीक्षकाने विचारलं होतं, जास्त म्हणजे किती? योग्य वेळ म्हणजे कोणती? पुरेसे म्हणजे किती? 'इतर कोणत्याही प्रकारची' म्हणजे काय?

त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं.

"काका, दाबाचा आकडा का नाही घातला? तुम्हाला तर तोंडपाठ आहे."

काकांनी आकडा लगेच सांगितला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आकडो घातलंय तर थंयच थांबता ना सगळा. एखादो त्याच्या वायच वर ठेवतलो आणि म्हणतलो, ह्या माझा. गाऱ्हाण्यात कोण आकडो घालता काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो दावा मी कुठे ऐकलाय. दर वर्षी मासेमारी सुरू होण्याआधी मशीनसमोर नारळ ठेवून काका देवाला गाऱ्हाणं घालतात. जो कोण दारातसून येता जाता, जो दिसता, जो दिसना नाय, जो आज आसा, जो उद्या येतलो. कोणी सुटू नये म्हणून गाऱ्हाण्यातला प्रत्येक शब्द सैल ठेवलेला असतो. एखादा बाहेर राहिला, तर त्याच्यावरच संकट यायचं. काकांनी दावासुद्धा तसाच सांगितला होता, आयुष्यभर देवापुढे बोलत आले तसा. फक्त पुढे देव नव्हता.

"मला का नाही विचारलंत?"

"तुझी नोकरी आसा. तुका कित्याक तरास? म्हटलं, मंजूर झाला की पेढे घेवनच येवया."

मी त्यांना नियम समजावला. अर्ज दिला त्या दिवशी त्यात जे लिहिलं होतं, तेवढंच आपलं. नंतर शब्द कमी करता येतात, सरळ करता येतात, पण नवीन काही घालता येत नाही. आकडा त्या दिवशी कागदावर नव्हता, म्हणून आता तो कधीच येणार नाही.

"पण तो आकडो खरो आसा," काका म्हणाले.

"खरा आहे, काका."

"मगे?"

मी चहा टाकायला उठले.

आक्षेपांवरची सुनावणी व्हिडिओवर झाली. आमच्या घरी रेंजचा भरवसा नाही, म्हणून कारखान्याच्या त्याच ऑफिसात, त्याच टेबलावर लॅपटॉप ठेवला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते ऑफिसातलं मराठी बोलत होते. अधिकारी बाई मराठीच होत्या आणि मनापासून ऐकत होत्या. मी मुद्दे मांडले. मग काकांनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"मॅडम, मी आकडा सांगतो. लिहून घ्या." आणि त्यांनी सांगितला.

"तुम्ही सांगताय ते मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण हे अर्जात कुठे आहे, ते मला दाखवा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली कागदांकडे पाहिलं, जणू तो कुठेतरी सापडणार होता.

वाट एकच होती. आकृतीत दांडा आणि वजन होतं, वजन अडकवायच्या खाचेसकट. ते स्पष्ट होतं. 'ज्या दाबाला दांड्यावरचं हे वजन उचललं जातं, तो दाब' असं म्हटलं, की आकड्याची गरज उरत नव्हती. पण मग दावा दांडा आणि वजनापुरताच उरणार होता. स्प्रिंग गेली, वीज गेली, 'इतर कोणत्याही प्रकारची' तर गेलीच. नाहीतर सगळा अर्ज जाणार होता. मी ते दोन्ही भावांना समजावलं. धाकटे काका भिंतीला टेकून बसले होते. डोळे गेल्यापासून ते काळा चष्मा लावतात.

"ह्या वाक्यात दाब आसा, दांडो आसा, पाणी आसा," ते म्हणाले. "माझे डोळे खंय बसतत?"

"ते बसत नाहीत, काका."

"बरा आसा. माका वाचूक पण येवचा नाय." आणि स्वतःच हसले. मग मोठ्या भावाकडे तोंड करून म्हणाले, "दादा, कर चेडू सांगता तसा. शिकवलंस कित्याक तेका?"

मी दावा नव्याने लिहिला. आजवर लिहिलेल्यांत तो सगळ्यात नेटका असेल. एकही शब्द लोंबत नव्हता. पेटंट मंजूर झालं. काका पेढे घेऊन आले, मी ते घेतले आणि त्याच दुपारी आम्ही कंपनीच्या इंजिनीअरला फोन केला. त्याचा उलट फोन आठवडाभराने आला, मी तो स्पीकरवर लावला. आवाजात संकोच होता.

"आमच्या वकिलांनी वाचलं. तुमचं पेटंट दांडा-वजनाचं आहे. आम्ही सेन्सर वापरू, म्हणजे तुमच्या परवानगीची गरजच नाही. खरं सांगायचं तर कल्पना तुमचीच आहे, पण…"

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "कल्पना घेवा तुम्ही. फुकट घेवा. पण लाईट गेल्यार सेन्सर काय करतलो? सहा म्हयन्यांत मीठ खायत तेका."

"बॅटरी असते त्याला."

"आणि ती बदलतलो कोण?"

इंजिनीअर चांगला माणूस होता. तो म्हणाला की दांड्याचंही त्याने सुचवून पाहिलं होतं, पण वरच्यांना ते गावठी वाटलं. पुढे कळलं की सेन्सरसुद्धा त्यांनी यंत्राबरोबर दिला नाही. त्यांच्या माहितीपत्रकात तो शेवटच्या पानावर आहे: मागणी केल्यास बसवून मिळेल. मी ते काकांना वाचून दाखवलं.

"ता मागतलो कोण?" ते म्हणाले. "जेचे डोळे गेले, तो."

मी इतर कारखानदारांना दांड्याची आकृती पाठवून पाहिली. काकांनीच सांगितलं, कोणाला नको म्हणू नकोस. दोघांनी फोन केले. एकाने विचारलं, ह्याला सरकारी अनुदान आहे का. बसवलं कोणी नाही. दांड्याच्या जागी रिकामी भिंत दिसते, बर्फ वेळेवर निघतो, होड्या जातात. कोणाला घाई नाही.

यंदा मासेमारी सुरू होण्याआधी गाऱ्हाण्याला मी गेले होते. बाबाही आले होते, आता ते कामाला जात नाहीत. मशीनला हार, पुढे पानावर नारळ, लाद्या काढणारी माणसं हात जोडून. काकांनी टोपी सारखी केली आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज मशीन सुरू करतंव. ह्या कारखान्यात पाणी भरणाऱ्यांका, लादी काढणाऱ्यांका, आणि ह्या दांड्याकडे उभ्या रवतल्या माणसाक सांभाळ म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. पण जरा अडखळत. काकांनी गाऱ्हाणं तिथेच संपवलं. वाकून नारळ उचलायला लागले.

"दादा," भिंतीकडून धाकटे काका म्हणाले, "बाकीच्या कारखान्यांतल्यांका घातलंस नाय."

"तेंका घातलंय तर अर्ज बाद होता," काका म्हणाले.

कोणीतरी खाकरलं. काका नारळ हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी नारळ परत पानावर ठेवला आणि डोळे मिटले.

"आणि म्हाराजा, खंयच्याय कारखान्यात, खंयच्याय बंदरार, जो कोण आसा, जो कोण नवो येतलो, जेका म्हायत आसा, जेका म्हायत नाय…" ते बराच वेळ बोलत राहिले. एकही शब्द कुठे थांबत नव्हता. आम्ही प्रत्येक वाक्याला होय म्हाराजा म्हटलं. मीही म्हटलं, मोठ्याने.

नारळ फुटल्यावर धाकटे काका भिंतीला हात लावत लावत टाकीखाली गेले. हे ते दर वर्षी करतात. हाताने दांडा शोधला, वजन चाचपलं आणि दांडा एकदा वर उचलला. पाणी कंडेन्सरवर कोसळलं आणि खटका खाली आला. ते तसेच उभे होते, तोंड बाजूला फिरवून, एक हात चष्म्यापुढे धरून.

"चलता," ते म्हणाले.