पिठाळ ऊन

ये, अशी जवळ सरक. दिवाळीला येते म्हणालीस आणि होळीला उगवलीस! बरं बस, आमच्या बामाकाकीचं सांगते.

काकी आमची शेजारीण, शिरवण्याच्या मिठागरावरच्या बायकांची म्होरकी. रोज भर दुपारी वाफ्याकाठच्या पांढऱ्या मिठावर ती हात धरायची आणि हाताची सावली बघायची. बोटांच्या कडा धारदार पडल्या तर म्हणायची, "ऊन धुतलेलं हाय." पुसट पडल्या तर, "पिठाल हाय." म्हणजे वरून कुणी पीठ चाळतंय असं.

पावसाळा सरला की ऊन धुतलेलं. पौषात त्यात धुकं आणि गवऱ्यांचा धूर, वैशाखात धूळ. अंग भाजून निघायचं, तरी वैशाखातलं ऊन तिला पटत नसे. "अंगाला काय इचारतेस? घाम खोटा बोलतो. सावलीला इचार." पिठाळ उन्हात मिठाचा दाणा उशिरा धरतो, म्हणून वाफ्यातलं मीठ कधी ओढून काढायचं ते काकीच ठरवायची.

मी दहा वर्षांची असेन. वैशाखच होता, पण रात्रभर वारा सुटून सगळी धूळ उडाली होती. काकीनं हात धरला. "पिठाल. दाना कच्चा. दोन दिस थांबा." इकडे पारसिकच्या डोंगरामागं वळवाचे ढग चढत होते. पाऊस आला तर सगळ्या मिठाचं पाणी! तरी बायका बसून राहिल्या. काकीचा शब्द ना तो.

मी सहज तिच्याशेजारी माझा हात धरला. "काकी, कड तर कोयत्यासारखी हाय!"

"ती तुजी. माजी बघ."

"तुजी पन तशीच."

काकी खाली बसली. सावलीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पीठ आभालान नाय गो पोरी, माज्या डोल्यान हाय."

आणि उठून ओरडली, "जेवनावलीला आल्यासारख्या बसल्यात काय? ओढा मीठ!"

ढीग गवतानं झाकला आणि टपोरे थेंब आले.

दुसऱ्या दिवसापासून हात तिचा, डोळे माझे. "मी धरते, तू वाच," म्हणायची. वाचायला मी तिथं शिकले; अक्षरं फार नंतर आली.

काकी गेली, मिठागरावर इमारती आल्या. हल्ली गच्चीवर हात धरते तर कड पुसट दिसते. सोसायटीतले म्हणतात, बांधकामांची धूळ. असेलही. आज तर तू ऊन उतरल्यावर आलीस, सावली कुठली बघणार? लवकर ये परत, भर दुपारी. माझ्याशेजारी हात धर, आणि खरं काय ते सांग.