घोडी नावाचा घोडा

वरातीत नवरदेव ज्या घोडीवर मिरवतो, ती घोडी कधीकधी चक्क खच्ची केलेला घोडा असते! हे गुपित मला देवळाली कॅम्पात सकाळी फिरायला जाताना कळलं. तिथल्या नळाजवळ एक म्हातारा अधूनमधून आपल्या वरातीच्या पांढऱ्या घोड्याच्या पोटाशी वाकलेला दिसे. आधी तो पोटावर हात ठेवी, मग कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने लिंगावरच्या कातडीत आतून साचलेला मळ हळूहळू पुसून काढी.

"काय मामा, घोडीची आंघोळ?" मी दर वेळी चिडवायचो.

"हळू बोला भाऊ, नवरदेव ऐकंल तर खाली उतरंल!" तो डोळा मारायचा.

परवा त्याने डोळा मारला नाही. हात कातडीपाशीच थांबला होता.

"गाठ हाय आत. मी मळ समजून धूत राहिलो. डॉक्टर म्हणतो, आता उपाय नाय."

"मग आता कशाला धुता, मामा?"

"सगळ्यांनी याला घोडीच म्हटलं, भाऊ. हा घोडा हाय, ते फक्त माझ्या हाताला ठाऊक."

त्याने फडकं कोमट पाण्यात बुडवून पिळलं, आणि आधी पोटावर हात ठेवला.