बाइंडरकाकांचा सल्ला

कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर तीन गाळे होते. एकात झेरॉक्स, एकात बाइंडिंग आणि तिसऱ्याला कायमचं कुलूप. मधल्या गाळ्यातल्या गृहस्थांना सगळे बाइंडरकाका म्हणायचे. खरं नाव पाटीवर होतं, पण उन्हाने पाटीचा रंग पार उडाला होता आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

तीस वर्षं काकांनी एकच काम केलं. शेवटच्या वर्षाची मुलं आपापले अहवाल घेऊन यायची, "काका, उद्याच द्यायचाय हो" म्हणून गयावया करायची, आणि काका पुठ्ठा कापून, खळ लावून, काळं रेक्झिन चढवून, वर सोनेरी अक्षरं उठवून अहवाल हातात द्यायचे. त्यांना एक खोड मात्र होती. बांधण्याआधी पान न् पान उलटून बघायचं. फार पूर्वी त्यांच्या हातून एका मुलीच्या अहवालातलं एक पान उलटं शिवलं गेलं होतं आणि परीक्षकांनी तिला चारचौघांत झापलं होतं. ती पोर दुकानाच्या पायरीवर बसून रडली. तेव्हापासून काका नुसते पानांचे आकडे बघत नसत, वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर नीट उतरतंय की नाही तेही बघत. असं बघता बघता माणूस वाचायला लागतोच. शाळा अर्धवट सोडलेल्या काकांनी शेकड्यांनी अहवाल वाचून काढले होते.

"तुम्हाला बाहेरच्या बाहेर एक डिग्री देऊन टाकायला पाहिजे," शेजारचा झेरॉक्सवाला म्हणायचा. "परीक्षकसुद्धा एवढं वाचत नाहीत."

काकांच्या घरी ते आणि लेक, दोघंच. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक बँकेत कर्जाच्या खात्यात होती. ती फायली तयार करायची, कर्ज द्यायचं की नाही ते वरचे साहेब ठरवायचे. कर्ज तरेल की बुडेल हे आधीच मोजून सांगणारं एक वेगळं खातं वरच्या मजल्यावर होतं आणि तिचा डोळा त्या खात्यावर होता. तिथं बसायचं तर पुढची पदवी हवी. तिने गुपचूप दोन ठिकाणी अर्ज केले आणि दोन्हीकडून होकार आला. एक एमबीए, इथल्याच कॉलेजात, काकांच्या दुकानासमोर, दोन वर्षांचं. दुसरी नुसती फायनान्सची मास्टर्स, दीड वर्षाची, एक दिवस आणि एक रात्र गाडीत बसावं लागेल इतक्या लांबच्या शहरात. शिक्षणकर्जाचं तिचं ती बघणार होती. जागा पक्की करायची मुदत सोमवारपर्यंत.

गुरुवारी संध्याकाळी भांडी विसळता विसळता तिने विचारलं, "बाबा, तुम्ही इतकी मुलं बघितली आहेत. सांगा ना, कुठली घेऊ? तुम्ही सांगाल ती."

काका भांडी पुसून फळीवर लावत होते. त्यांना उत्तर माहीत होतं. एमबीएच्या दोन वर्षांत फायनान्सचे विषय येतात ते मोजकेच, तेही दुसऱ्या वर्षी. बाकी सगळं मालाची विक्री, माणसांची नेमणूक, कारखान्याचं वेळापत्रक. पुढे साहेब व्हायचं असेल त्याला ते ठीकच. हिला मोजायचं होतं.

"एमबीए घे," काका म्हणाले. "त्याला सगळीकडे मान आहे. उद्या फायनान्सचा कंटाळा आला तरी दुसऱ्या खात्यात जाता येतं. शिवाय कंपन्या भरतीला दारात येतात, मी बघतो ना दर वर्षी."

"खरंच?"

"मग काय गंमत करतोय?"

तिने हात पुसले आणि हसली. "बरं झालं बाई. सुटले."

काका बोलले त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. सांगायला हवं होतं तेवढं सोडून बाकी सगळं त्यांनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते नेहमीप्रमाणे देवासमोर उभे राहिले. त्यांची प्रार्थना काही मोठी नव्हती. लेकीचं भलं कर, एवढंच ते रोज म्हणायचे. त्या दिवशी हात जोडले गेले, पण ते वाक्य काही तोंडातून निघेना. शेवटी ते चप्पल घालून बाहेर पडले.

दुकान उघडतात तोवर झेरॉक्सवाला हजर. "काय काका, पेढे कधी? आत्ता वाटेत ताई भेटली, तीच म्हणाली, समोरच येतेय म्हणून. आता दोन वर्षं बापलेकीचा डबा एकत्र!"

"तुला विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?"

"मला?" तो हसला. "मी नुसतं छापतो हो. वाचता तुम्ही."

दिवसभर काकांचं कामात लक्ष लागलं नाही. एका अहवालाचा पुठ्ठा बोटभर आखूड कापला गेला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ते स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून न नेलेल्या प्रतींचा गठ्ठा त्यांनी खाली काढला. बांधून घ्यायचं आणि न्यायलाच यायचं नाही, अशी मुलं दर वर्षी एखाददोन निघतातच. याच कॉलेजात पूर्वी फायनान्सची मास्टर्स होती. वर्षाला सहा-सात मुलं यायची. मुलं मिळेनात म्हणून पुढे ती बंद झाली. त्या वेळची एक प्रत गठ्ठ्यात होती. बारीकशी, आकड्यांनी भरलेली.

काकांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. आकडेमोड त्यांना कळत नव्हती, मधली वाक्यं कळत होती. कुणा मुलाने छोट्या दुकानदारांच्या कर्जाचा अभ्यास केला होता. कोण फेडेल आणि कोण नाही याचा त्याने आधी अंदाज बांधला, मग खरं काय झालं ते ताडून बघितलं. अंदाज चुकला होता. तो का चुकला हे सांगायला त्याने अख्खं एक प्रकरण खर्ची घातलं होतं. एमबीएच्या अहवालांत असं कधी सापडायचं नाही. तिथं शेवटी शिफारशी असायच्या आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं, ही शिफारस कुठल्याही कंपनीला लागू पडायची.

लेक सातवीत असताना गणिताच्या पुस्तकातल्या मागच्या उत्तराशी तिचं उत्तर जुळेना. तीन दिवस ती धड जेवली नव्हती. शेवटी पुस्तकातलंच उत्तर चुकलेलं निघालं. सर तिला शाबासकी द्यायला गेले तर ही म्हणते कशी, पण सर, त्यांचं कुठे चुकलं ते सांगा ना!

काकांनी प्रत मिटली. घरी गेल्यावर सांगायचं असं ठरवून ते गेले आणि शुक्रवार तसाच गेला. शनिवारही गेला. रविवारी दुपारी लेक कपडे इस्त्री करत होती तेव्हा ते समोर येऊन बसले.

"बाळ, मी परवा तुला नीट सांगितलं नाही."

"काय नीट सांगितलं नाही?"

"तुझ्या कामाला ती दुसरी पदवी बरी. लांबची."

तिची इस्त्री थांबली. "मग एमबीए घे असं का म्हणालात?"

"तू इथं राहिली असतीस म्हणून."

इतकं उघड बोलायची त्या घरात सवय नव्हती. ती रडेल, नाहीतर गळ्यात पडेल असं काकांना वाटलं होतं. ती चिडली.

"आणि हे आज सांगताय? उद्या पैसे भरायचेत! मी सगळ्या बँकेला सांगून बसले, बाबा!"

"चुकलं माझं."

"चुकलं काय चुकलं! मला किती हलकं वाटत होतं माहितीये? मला त्या शहराची भीती वाटते. एकही माणूस ओळखीचा नाही तिथं. बाबांना एकटं सोडून कशी जाऊ, असं म्हणून मी इथं राहणार होते. कुणी मला काही बोललं नसतं. ते पण तुम्ही काढून घेतलंत."

"भीती वाटते तर राहा ना," काका हळूच म्हणाले. "पण भीती वाटली म्हणून राहिले असं म्हण. माझं नाव पुढे करू नकोस. मी पण तुझं नाव पुढे करणार नाही."

"वा! मोठे शहाणे!" ती म्हणाली आणि आत निघून गेली. इस्त्रीखाली ओढणीला पिवळा डाग पडला होता. काकांनी बटण बंद केलं.

सोमवारी सकाळी ती न सांगता गेली. दिवसभर काकांनी फाटकाकडे बघितलं. एमबीएचे पैसे भरायला ती याच फाटकातून आत गेली असती. ती दिसली नाही. संध्याकाळी घरी आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि पाठमोरीच म्हणाली, "भरले. तिकडचे."

"बरं," काका म्हणाले.

महिन्याभराने ती गेली. घरात तिच्या खोलीचं दार उघडं ठेवावं की लावून घ्यावं हे काकांना ठरवता येईना. उघडं ठेवलं की आतला रिकामा पलंग दिसायचा. लावलं की ती आत अभ्यास करतेय असं वाटायचं, ते आणखी वाईट. शेवटी त्यांनी ते अर्धं ठेवलं. जेवण एकाचं होईना. हाताला दोघांचं माप बसलेलं, मग तेच संध्याकाळी, तेच दुसऱ्या दिवशी. देवासमोर मात्र त्यांचं वाक्य आता तोंडातून निघत होतं.

फोन रविवारी सकाळी यायचा. पहिले दोन महिने ती नुसती रडायची. गणित डोक्यावरून जातं, वर्गातली मुलं वयाने लहान आहेत, खोलीतली दुसरी मुलगी बोलतच नाही. आणि शेवटी दर वेळी विचारायची, "बाबा, येऊ का मी परत?"

काकांच्या अगदी ओठावर यायचं, ये. ते फोन दुसऱ्या कानाला लावायचे आणि म्हणायचे, "ही परीक्षा होऊ दे. मग बघू."

परीक्षा झाली. "बाबा, येऊ का?" "आता पुढची होऊ दे." नाही म्हणायचं हे कामही आपल्याच वाट्याला आलंय, हे त्यांना त्या गुरुवारी भांडी पुसताना सुचलं नव्हतं.

मग एका रविवारी फोन आला तेव्हा मागे हसण्याखिदळण्याचे आवाज होते. लेक घाईघाईने बोलली. पास झालेय, चौघीजणी मिळून अभ्यासाला बसतो, तुमचा खोकला कसा आहे, औषध घेताय ना. काका हो, हो म्हणत होते. पुढचं उत्तर त्यांनी तयारच ठेवलं होतं.

"बरं, ठेवते हं बाबा, ह्या थांबल्यात खाली," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

परत येऊ का, हे तिने विचारलंच नव्हतं.

काकांनी फोन टेबलावर ठेवला. उठून देवासमोर गेले आणि हात जोडले. आज आभार मानायला हवेत हे त्यांना कळत होतं. ते त्यांनी मानले, दोनदा मानले, आणि मग तिथंच भिंतीला टेकून खाली बसले.